हातातला शॉर्टवेव्ह रेडिओ: घेताना आणि ऐकताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेडिओबद्दल मला बरीच वर्षं लोक विचारत आले आहेत. कुणाला वडिलांच्या आठवणीसाठी सेट घ्यायचा असतो, कुणाला मुलांना दाखवायचा असतो, कुणाचा नवा सेट आल्या दिवशीच “बिघडलेला” निघतो. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. “रेडिओ खराब आहे” असं सांगत माझ्याकडे आलेले बहुतेक सेट चांगले होते. चुकलेली असायची ती वेळ, नाहीतर जागा. त्यामुळे प्रश्न ७ आणि ९ वाचल्याशिवाय सेट परत करायला निघू नका.

१. शॉर्टवेव्ह म्हणजे नेमकं काय? एफएमपेक्षा वेगळं काय आहे त्यात?

एफएमची लहर साधारण नजरेच्या रेषेत जाते. घाट उतरून कोकणात गेलं की पुण्याचं एफएम सुटतं, ते त्यामुळेच. मीडियमवेव्ह जमिनीलगत बरीच लांब जाते आणि रात्री आणखी लांब. शॉर्टवेव्ह, म्हणजे आकाशवाणीच्या भाषेत लघुलहरी, साधारण ३ ते ३० मेगाहर्ट्झमधल्या. त्या वर जातात, वातावरणाच्या वरच्या भागातल्या आयनांबर नावाच्या थरावरून वळून खाली येतात, जमिनीवरून किंवा समुद्रावरून उसळून पुन्हा वर जातात. अशा एक-दोन उड्यांत हजारो किलोमीटर पार होतात. मध्ये उपग्रह नाही, केबल नाही, डेटा पॅक नाही.

“३१ मीटर”, “२५ मीटर” हे शब्द ऐकून गोंधळू नका. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की मीटर मिळतात. ९.५ मेगाहर्ट्झ म्हणजे साडेएकतीस मीटर, म्हणून त्या पट्ट्याला ३१ मीटरबँड म्हणायचं.

२. आता त्यावर ऐकायला काही उरलंय का? बीबीसी हिंदी तर बंद झाली ना?

बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रक्षेपण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं, हे खरं. रेडिओ ऑस्ट्रेलियाचं शॉर्टवेव्ह त्याआधी तीन वर्षं, ३१ जानेवारी २०१७ ला बंद झालं. आकाशवाणीनेही शॉर्टवेव्ह खूप कमी केलं. पट्ट्यांवर पूर्वीसारखी गर्दी नाही, आणि ते मी लपवणार नाही.

पण पट्टे रिकामेही नाहीत. चीनच्या आंतरराष्ट्रीय रेडिओचा आवाज तर आपल्याकडे जागोजाग लागतो, हिंदीतही. बीबीसीची इंग्रजी जागतिक सेवा, तुर्कस्तान, रोमानिया, व्हिएतनाम, दक्षिण कोरिया, व्हॅटिकन, अरबी आणि फारसीतली कितीतरी केंद्रं, धार्मिक प्रक्षेपणं, हॅम मंडळींच्या, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणाऱ्यांच्या, गप्पा, विमानांसाठीचं हवामान हे सगळं एका साध्या सेटवर सापडतं.

सिलोनचा, म्हणजे कोलंबोहून लागणाऱ्या रेडिओ सिलोनचा, उल्लेख केल्याशिवाय मराठी घरात हा विषय पुढे सरकत नाही. १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे आलं. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीत असावं, सिनेसंगीत नसावं, असं त्यांचं ठाम मत होतं. श्रोत्यांनी काटा फिरवून कोलंबो लावलं. त्याच वर्षी तिथे अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारची रात्र घराघरात ठरून गेली. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली ती या ओढीला उत्तर म्हणून. मात्र त्या आठवणीतलं सिलोन जसंच्या तसं मिळेल या भरवशावर आज सेट घेऊ नका. आज जे आहे ते ऐकायची उत्सुकता असेल तरच घ्या.

३. मराठी कार्यक्रम लागतील का?

मराठी ऐकण्यासाठी शॉर्टवेव्ह नाही, मीडियमवेव्ह लागतं. आकाशवाणी मुंबईच्या ५५८ आणि १०४४, पुण्याची ७९२, नागपूरची ५८५ किलोहर्ट्झ या जुन्या, ओळखीच्या जागा. गोव्याकडची १२८७ पणजीची. चांगल्या शॉर्टवेव्ह सेटचं मीडियमवेव्हही सहसा चांगलं असतं, त्यामुळे एका सेटमध्ये दोन्ही कामं होतात. मीडियमवेव्हचं एरियल सेटच्या पोटात असतं, काळ्या फेराइट कांडीवर गुंडाळलेलं. तिथे वरचं दांडीचं एरियल ओढून उपयोग नाही, अख्खा सेट फिरवायचा. आवाज सर्वांत मोठा येईल त्या तोंडाने ठेवून द्यायचा.

शॉर्टवेव्हवर मराठी कानावर पडतं ते हॅम मंडळींच्या गप्पांत. त्यासाठी प्रश्न १२ पाहा.

४. पहिला सेट कोणता घ्यावा?

स्टेशनची फ्रिक्वेन्सी आकड्यात दाखवणारा, म्हणजे डिजिटल, सेट घ्या. काट्याच्या सेटवर ९.६ आणि ९.७ यांच्यामधलं अंतर एका केसाएवढं असतं, आणि तेवढ्या जागेत वीस केंद्रं मावतात. नवख्या माणसाला आपण कुठे आहोत तेच कळत नाही, आणि आठवड्याभरात सेट कपाटावर जातो. आकडा दिसला की वेळापत्रक हातात घेऊन थेट तिथे जाता येतं.

लहान आकारात टेकसन पीएल-३३० आणि एक्सएचडेटा डी-८०८ हे दोन सेट मी निर्धास्तपणे सुचवते. दोन्हींत एसएसबी आहे (प्रश्न १२). पीएल-३३० शर्टाच्या मोठ्या खिशात मावतो. डी-८०८ वर विमानांचा पट्टाही आहे आणि त्याचा स्पीकर कानाला जास्त बरा वाटतो. टेबलावर ठेवून रोज ऐकायचं असेल तर टेकसन पीएल-६८० बघा. त्यात सिंक्रोनस डिटेक्शन आहे (प्रश्न १३). सोनीचा आयसीएफ-एसडब्ल्यू७६००जीआर आता बनत नाही, पण कुणाकडे चालू स्थितीत असेल आणि देत असेल तर सोडू नका.

दुकानात किंवा घरी पेटी उघडल्यावर लगेच चार गोष्टी करून पाहा. ट्यूनिंगचं चाक फिरवताना आकडा उड्या मारतो का, हेडफोन लावल्यावर एका कानात आवाज जातो का, दांडीचं एरियल बुडाशी डुगडुगतं का, आणि सेलचं झाकण घट्ट बसतं का. एरियलचं बूड हे सर्वांत आधी तुटणारं ठिकाण. ते हलत असेल तर सेट बदलून घ्या.

५. बाजारात स्वस्त “१० बँड”, “१२ बँड” रेडिओ मिळतात. जास्त बँड म्हणजे जास्त चांगला ना?

नाही. शॉर्टवेव्हचे छोटे तुकडे पाडून प्रत्येकाला एक आकडा दिलेला असतो, एवढंच. तुकडे पाडल्याने काट्याला जागा मिळते हा फायदा खरा आहे, पण सेटची ताकद त्याने वाढत नाही.

या सेटमध्ये आणखी एक घोटाळा होतो. आलेल्या लहरीचं त्यांत बहुधा एकदाच, ४५५ किलोहर्ट्झ या आतल्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर, रूपांतर होतं. त्यामुळे जोरकस केंद्र आपल्या खऱ्या जागेच्या ९१० किलोहर्ट्झ खालीही भुतासारखं ऐकू येतं. ११९०५ वरचं केंद्र १०९९५ वर सापडलं तर ते नवं केंद्र नव्हे, तेच आहे. “एकच स्टेशन दोन ठिकाणी लागतं, सेट बिघडलाय का?” या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे. उरलेलं अर्धं साधं आहे: मोठी केंद्रं एकच कार्यक्रम एकाच वेळी दोन-तीन फ्रिक्वेन्सींवर मुद्दाम सोडतात. फरक बरोबर ९१० असेल तर भूत, नाहीतर खरं केंद्र.

तरीही लहान मुलाला हातात द्यायला, मळ्यात न्यायला असा सेट वाईट नाही. फक्त तेवढ्यावरून शॉर्टवेव्हबद्दल मत बनवू नका.

६. आजोबांचा जुना ट्रान्झिस्टर माळ्यावर आहे. दुरुस्त करण्यात अर्थ आहे का?

आहे, आणि वाटतं त्यापेक्षा बरेचदा तो सोपा निघतो. आधी सेलची पेटी उघडा. विसरलेले सेल पाझरून पत्र्यांवर पांढरी-हिरवी बुरशी धरलेली असते. जुन्या टूथब्रशला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून ती घासा, ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या. मग नवे सेल, आणि प्लस-मायनस दोनदा बघून. आवाजाचं बटण फिरवताना खरखरत असेल तर काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा आत मारून बटण वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. काटा हलत नसेल तर दोरी तुटली आहे. जुना मेकॅनिक ती अर्ध्या तासात ओवून देतो, पण दोरीचा रस्ता किचकट असतो, म्हणून तुटकी दोरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आवाज हळू आणि चिरका येत असेल तर आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात. ते बदलायला जाणकार हवा. आतले छोटे रंगीत स्क्रू मात्र कुणालाही फिरवू देऊ नका. ते घट्ट करायचे स्क्रू नव्हेत, ट्यूनिंगचे आहेत. एकदा हलले की सेट पुन्हा जुळवणारा माणूस शोधत फिरावं लागतं.

व्हॉल्व्हचा, थेट विजेवर चालणारा सेट असेल तर तो “चालतोय का बघू” म्हणून प्लगमध्ये घालू नका. आत दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो, आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तो राहतो. तो सेट जाणकाराकडेच न्या.

७. दुपारी सेट लावला, एकही स्टेशन नाही. का?

बहुधा तुम्ही दुपारी रात्रीच्या पट्ट्यावर होता. दिवसा सूर्यामुळे आयनांबराचा सर्वांत खालचा ‘डी’ थर तयार होतो आणि तो कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि त्या लहरींचा रस्ता मोकळा होतो. उलट जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरी वळवायला वरचा ‘एफ’ थर दाट लागतो, आणि तो दाट होतो दिवसा.

आपल्याकडच्या घड्याळाने सांगायचं तर सकाळी साडेपाच ते आठ ४१, ३१ आणि २५ मीटर. दहा ते चार १९, १६ आणि १३ मीटर. संध्याकाळी सहानंतर ३१ आणि २५, आणि जसजशी रात्र चढेल तसतसं ४१ आणि ४९. दिवस उगवताना आणि मावळतानाचा अर्धा-पाऊण तास सर्वांत सुंदर असतो. त्या वेळात कधी न ऐकलेली केंद्रं वर येतात आणि मिनिटांत बुडतात. ज्यांना रोज एकच वेळ जमते त्यांनी संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ धरावी.

सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्राचाही यात हात आहे. चालू चक्र कळसाला पोचल्याचं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालं. कळसाच्या आसपासच्या वर्षांत दिवसाचे १६ आणि १३ मीटर जिवंत असतात. चक्र उतरलं की तेच पट्टे दिवसेंदिवस मुके राहतात.

८. वेळापत्रकात १३०० लिहिलंय, मी दुपारी एकला लावलं तर काहीच नाही.

ती वेळ यूटीसी, म्हणजे जगभर एकच धरली जाणारी प्रमाणवेळ, आहे. त्यात साडेपाच तास मिळवा: १३०० म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. चूक होते ती रात्री. रविवार १९०० यूटीसी म्हणजे आपल्याकडे सोमवार उजाडलेला असतो, रात्रीचे साडेबारा. मी सेटचं घड्याळच यूटीसीला लावून ठेवलं आहे, भिंतीवरचं घड्याळ घराचं आणि सेटवरचं जगाचं.

दुसरी गोष्ट, वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं: मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. उन्हाळी हंगामाला ‘ए’ आणि हिवाळी हंगामाला ‘बी’ म्हणतात, पुढे वर्षाचे दोन आकडे. काल लागणारं केंद्र सोमवारी गायब झालं तर आधी कॅलेंडर बघा.

९. घरात नुसती खरखर आणि गुणगुण येते. सेट परत करू का?

आधी हे करून पाहा. सेट सेलवर चालवा, चार्जरची वायर काढा. रिकाम्या जागी, समजा ९.६ मेगाहर्ट्झच्या आसपास, आवाज ऐका. मग घराचा मेन स्विच बंद करा. खरखर एकदम खाली बसली तर सेट ठणठणीत आहे, त्रास तुमच्या घरातून येतोय. थोडीशीच बसली तर शेजारून किंवा रस्त्यावरच्या तारेवरून येतोय.

माझ्या घरात पहिल्यांदा हे केलं ती रात्र चांगली लक्षात आहे. मेन पाडला, अंधार झाला, आणि जिथे पाच मिनिटांपूर्वी भुंगा घोंगावत होता तिथे एक बाई अरबीत बातम्या वाचत होती, स्वच्छ, जशी शेजारच्या खोलीत बसली आहे. मग एकेक एमसीबी वर केला. तिसऱ्याला भुंगा परत आला. त्या ओळीवरचे दिवे एकेक करून काढले. गुन्हेगार निघाला देवघरातला एक छोटा एलईडी बल्ब. तो बदलला आणि ३१ मीटर परत मिळाला.

एलईडी बल्ब, मोबाइलचे स्वस्त चार्जर, लॅपटॉपचा अडॅप्टर, सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सौर पॅनेलचा इन्व्हर्टर या क्रमाने शोधा. वस्तू नुसती बंद करून भागत नाही, प्लग काढा. सेट हातात घेऊन एकेका वस्तूजवळ गेलात तर आवाज वाढून तीच स्वतःचं नाव सांगते.

इमारत काँक्रीटची असेल तर खोलीच्या मध्ये बसू नका. आतल्या सळयांची जाळी लहरींना अडवते. खिडकीत, गॅलरीत, गच्चीत जा. जमेल तेव्हा सेट घेऊन गावाबाहेर, विजेच्या तारांपासून लांब एखाद्या माळावर एक संध्याकाळ काढा. आपला सेट खरोखर किती ऐकतो हे तिथेच कळतं. गावी वीज गेली की बाकीचे हळहळतात, मी सेट बाहेर काढते.

१०. बाहेर तार लावली तर जास्त ऐकू येईल का?

येईल, पण हिशेबात. पाच-सहा मीटर इन्शुलेटेड तांब्याची बारीक तार पुरे. एक टोक सोलून दांडीच्या एरियलला मगरचिमट्याने लावा, किंवा सेटला एरियलचं भोक असेल तर साडेतीन मिलिमीटरच्या पिनेने. दुसरं टोक खिडकीतून बाहेर, झाडाकडे किंवा गॅलरीच्या टोकाला. तारेची लांबी महत्त्वाची, त्याहून जास्त महत्त्वाचं ती घराच्या वायरिंगपासून किती लांब आहे ते. तार भिंतीतल्या वायरला समांतर गेली तर प्रश्न ९ मधली सगळी खरखर तीच गोळा करून आणेल.

वीस मीटर तार लावून “आता सगळीकडे सगळीच स्टेशनं एकात एक येतात” असं सांगणारेही आहेत. छोट्या सेटचं तोंड लहान असतं. त्यात इतका सिग्नल कोंबला की तो गुदमरतो, आणि जोरकस केंद्रं नको तिथे उगवतात. सेटवर ‘लोकल-डीएक्स’ (जवळचं-लांबचं) असा खटका असेल तर तो लोकलवर करा, नाहीतर तार निम्मी करा.

महावितरणच्या तारांच्या वरून, खालून किंवा जवळून एरियल कधीही नेऊ नका. तार तुटून त्यावर पडली तर जीव जाईल.

११. पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

ढग दिसले की बाहेरची तार सेटपासून सोडवा. वीज थेट पडायची गरज नसते. दूर कुठे कडाडली तरी तारेत उठलेला झटका सेटच्या पहिल्याच ट्रान्झिस्टरला मारतो. मी एकदा मे महिन्यात वळिवाच्या दिवशी तार तशीच जोडून बाहेर गेले. परत आले तर सेट चालू होत होता, आकडे दिसत होते, एफएम लागत होतं, आणि शॉर्टवेव्ह पूर्ण बहिरं. तेव्हापासून ऐकून झालं की तार काढायची हा नियमच आहे, आकाश निरभ्र असलं तरी.

एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी ४९ आणि ४१ मीटरवर जो तडतडाट असतो तो लांबच्या वादळांचा. त्यावर इलाज नाही, वरच्या पट्ट्यावर जा.

कोकण-गोव्याकडे खारं वारं आणि दमट हवा सेलच्या पत्र्यांना खाते. सेट घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

१२. एसएसबी म्हणजे काय? ते लागतंच का?

नुसती प्रक्षेपण केंद्रं ऐकायची असतील तर लागत नाही. पण ते असेल तर अर्धं जग जास्त उघडतं, म्हणून मी घ्याच म्हणते. साध्या प्रक्षेपणात मधली वाहक लहर आणि दोन बाजू असतात. एसएसबीमध्ये वाहक लहर आणि एक बाजू काढून टाकतात, म्हणजे कमी शक्तीत जास्त लांब जाता येतं. साध्या सेटवर तो आवाज बदकाच्या क्वॅकक्वॅकसारखा येतो. एसएसबी लावून चाक सावकाश फिरवलं की बदकाचा माणूस होतो.

सुरुवात सकाळी ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये ‘एलएसबी’, म्हणजे खालची बाजू, लावून करा. भारतातले हॅम तिथे बोलतात. व्हीयू२, व्हीयू३ ने सुरू होणारे कॉलसाइन, म्हणजे हॅमची ओळखनावं, ऐकू आले की समजा आपलेच लोक, आणि मराठीतही ऐकू येतील. १० मेगाहर्ट्झच्या वर मात्र ‘यूएसबी’, म्हणजे वरची बाजू, लावायचं. दुसरी जागा ६६७६ किलोहर्ट्झ, ही खाली असूनही यूएसबी, कारण विमानांची प्रथा तशी आहे. तासाच्या २५ व्या आणि ५५ व्या मिनिटाला मुंबई वोल्मेट असते: विमानतळांवरचा वारा, दृश्यता, तापमान, एका सुरात. आवाज स्पष्ट कळला की तुमचं एसएसबी बरोबर लागलं.

१३. आवाज लाटेसारखा वर-खाली होतो, मध्येच घशातून बोलल्यासारखा येतो.

एकच लहर दोन वेगवेगळ्या वाटांनी तुमच्यापर्यंत येते. दोन्ही कधी एकमेकींना धरतात, कधी खोडतात. शॉर्टवेव्हचा हा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. सिंक्रोनस डिटेक्शन असलेला सेट स्वतःची वाहक लहर बनवून त्यातला घोगरेपणा बराच कमी करतो. ते नसेल आणि एसएसबी असेल तर तेच थोडंफार हाताने करता येतं: एसएसबी लावा आणि शिट्टी पूर्ण मिटेपर्यंत बारीक ट्यूनिंग फिरवा. संगीताला हे बरं लागत नाही, बातम्यांना चालतं.

१४. हजारो किलोमीटरवरचं रोमानिया लागतं, पण जवळचं शॉर्टवेव्ह केंद्र लागत नाही. हे कसं?

लहर उडी मारते, आणि उडीच्या खाली मोकळी जागा राहते. जमिनीलगतची लहर थोड्या अंतरात संपते आणि आकाशातून येणारी पहिल्यांदा टेकते ती शेकडो किलोमीटर पुढे. मधल्या पट्ट्यात शांतता. आकाशवाणीने पणजीत २५० किलोवॉटचे शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर उभारले ते परदेशी श्रोत्यांसाठी. अशा केंद्राचा आवाज आखातात खणखणीत आणि कोल्हापुरात पुसट, यात काही चूक नाही. शिवाय एरियल ठरावीक दिशेला रोखलेलं असतं. तुम्ही त्याच्या पाठीमागे असाल तर शक्ती कितीही असो, तुमच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

१५. एका दुपारी सगळी स्टेशनं एकदम गेली आणि तासाभराने परत आली. सेटचं काही बिघडतंय का?

सूर्यावर मोठा स्फोट झाला की त्याचे क्ष-किरण आठ मिनिटांत इथे पोचतात आणि ‘डी’ थर एकाएकी दाट होतो. त्या वेळी पृथ्वीची जी बाजू उन्हात असेल तिथलं शॉर्टवेव्ह बुडतं, खालचे पट्टे आधी आणि वरचे नंतर. परत येतात ते उलट्या क्रमाने. म्हणून अशा वेळी १३ किंवा १६ मीटरवर थांबून राहा.

भूचुंबकीय वादळ वेगळं. ते एक-दोन दिवस टिकतं आणि रात्रीही त्रास देतं. १० मे २०२४ च्या रात्री लडाखमध्ये हानलेच्या आकाशात लाल अरोरा, म्हणजे एरवी ध्रुवांकडे दिसणारा प्रकाश, दिसला, ते असंच वादळ होतं.

१६. आकाशवाणीच्या मीडियमवेव्हच्या जागी नुसता सपाट ‘श्श्श’ असा आवाज येतो.

तो डीआरएम, म्हणजे डिजिटल प्रक्षेपण असणार. साध्या सेटला त्यातले आकडे वाचता येत नाहीत, त्याला तो जाडसर फुसफुसाटच वाटतो. त्यासाठी वेगळा डीआरएम सेट लागतो. वेळ बदलून पाहा, कारण एकच ट्रान्समीटर काही तास साधा आणि काही तास डिजिटल चालवला जाऊ शकतो.

१७. भावाने अमेरिकेतून सेट आणला. मीडियमवेव्हवर ५५० नंतर थेट ५६० येतं, ५५८ वर थांबतच नाही.

अमेरिकेत मीडियमवेव्हची केंद्रं १०-१० किलोहर्ट्झवर असतात, आपल्याकडे ९-९ वर. सेटमध्ये ९/१० अशी निवड असते, बहुतेकदा सेट बंद असताना एखादं बटण दाबून धरलं की ती बदलते. पुस्तिकेत बघा. हीच अडचण परदेशातल्या मराठी घरांत उलटी येते: इथून नेलेला सेट तिकडे ९ वर अडून राहतो.

जपानी बाजारासाठी बनवलेल्या सेटवर एफएम ७६ पासून सुरू होऊन १०८ च्या बरंच आधी थांबू शकतं. घेण्याआधी तेवढं वाचा.

१८. सेल कोणते वापरावे?

पीएल-३३० ला जुन्या नोकियाचा बीएल-५सी सेल चालतो, डी-८०८ ला १८६५०, आणि पीएल-६८० ला चार पेन्सिल सेल. गावोगावी फिरणाऱ्यांना मी पेन्सिल सेलचा सेट सुचवते, कारण ते कोणत्याही टपरीवर मिळतात. चार्ज करता करता ऐकू नका (का ते प्रश्न ९ मध्ये). महिनाभर वापर नसेल तर सेल बाहेर काढून ठेवा.

१९. परवाना लागतो का?

एके काळी पोस्टात पैसे भरून रेडिओचा परवाना घ्यावा लागे, जुन्या घरांत ती छोटी पुस्तकं अजून सापडतात. आता प्रक्षेपण ऐकायला काही लागत नाही. बोलायचं असेल, म्हणजे स्वतः प्रक्षेपित करायचं असेल, तर हॅमची परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना घ्यावाच लागतो.

२०. केंद्राला पत्र पाठवून कार्ड मिळतं म्हणे?

मिळतं, त्याला क्यूएसएल कार्ड म्हणतात, म्हणजे ऐकल्याची केंद्राने दिलेली पावती. तारीख, यूटीसी वेळ, फ्रिक्वेन्सी, सेट आणि एरियल लिहा, आणि निदान पंधरा-वीस मिनिटांत काय काय ऐकलं ते तपशिलात. “छान ऐकू आलं” एवढ्यावर कार्ड येत नाही. दर्जा सिन्पो पद्धतीने पाच आकड्यांत लिहितात: सिग्नल, इतर केंद्रांचा अडथळा, खरखर, चढउतार आणि एकूण. ५ उत्तम, १ वाईट. खरं तेच लिहा. खराब ऐकू आलं असेल तर २ लिहिलेलंच तिथल्या इंजिनिअरला उपयोगी पडतं.

२१. बरोबर १० मेगाहर्ट्झवर घड्याळाची टिकटिक येते. ते काय आहे?

आपल्याकडे बहुधा चीनमधलं बीपीएम ऐकू येतं, वेळ सांगणारं केंद्र. दर सेकंदाला एक टिक, मिनिटाला लांब आवाज. ते ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर असतं, म्हणून आकाशाची स्थिती बघायला त्याच्यासारखं सोपं साधन नाही. सेट लावला की मी आधी या तीन जागा फिरते. १५ वर टिकटिक जोरात आणि ५ वर काही नाही तर १९ मीटरच्या आसपास ऐकायला बसते. ५ वर जोरात असेल तर ४९ आणि ४१. तिन्ही मुकी असतील तर प्रश्न ९ मधला मेन स्विच, आणि तोही करून झाला असेल तर प्रश्न १५.